सरीत उतरलेलं विमान

कोल्हापुरात माझी ओळख करून देताना लोक अजून म्हणतात, "ही बघा, विमान पडलेली." मी दर वेळी दुरुस्त करते. विमान पडलं नव्हतं, मी ते उतरवलं होतं. जिथं उतरवायचं ठरलं होतं तिथं नाही, हे कबूल. पण उतरवलं मी, माझ्या दोन हातांनी, डोकं ठिकाणावर ठेवून. ऐकणारा अगदी मनापासून मान डोलावतो आणि शेजारच्याला सांगतो, "विमान पडलं तवा हीच आत होती."

म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. रागाच्या भरात लिहितेय असं वाटलं तर वाटू दे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो, घरचे सांगतील.

मी ज्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकत होते ती दुसऱ्या जिल्ह्यात होती. पप्पा एसटीत ड्रायव्हर. कोल्हापूर–गगनबावडा ही त्यांची वर्षानुवर्षांची गाडी. धुक्यात आणि धो धो पावसात घाटातली वळणं घेतलेला माणूस, त्यामुळे माझ्या विमानाचं त्यांना तोंडावर फारसं कौतुक नव्हतं. "वर काय, समोरनं ट्रक तर येत न्हाय," असं म्हणायचे. डेपोत मात्र कंडक्टरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी माझी प्रगती ऐकवून ठेवली होती.

शिकणाऱ्याला एक टप्पा असतो. शेजारी सर नाहीत, एकटीनं विमान घेऊन लांबच्या दुसऱ्या विमानतळावर जायचं, तिथं उतरायचं आणि परत यायचं. त्याशिवाय लायसन्स मिळत नाही. माझ्या वाट्याला कोल्हापूर आलं. घरी फोन करून सांगितलं तर आईनं विचारलं, "डबा आणू का?" मी म्हटलं, उतरून फार थांबता येणार नाही. तरी पप्पांनी ड्युटी बदलून घेतली आणि दोघं सकाळीच विमानतळाच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. डबा घेऊनच.

निघण्यापूर्वी स्टुलावर चढून मी दोन्ही पंखांतल्या टाक्यांची झाकणं उघडली, मोजपट्टी आत बुडवली आणि पेट्रोल बघितलं. दोन्ही भरलेल्या. हे आत्ता मी ज्या ठामपणे लिहितेय, त्या ठामपणे मधले काही आठवडे मला म्हणता येत नव्हतं, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

विमान छोटं, दोन माणसांचं. हवा स्वच्छ होती. वारणा मागं पडली, उजव्या हाताला जोतिबाचा डोंगर दिसायला लागला आणि मला उगाचच घरात शिरल्यासारखं वाटलं. उसाच्या तोडीचे दिवस होते. खाली निम्मं रान हिरवं, निम्मं तोडून मोकळं झालेलं, आणि इथं तिथं उसाच्या वाळल्या पाल्याचं पाचट पेटवल्याचा धूर. मी रेडिओवर कोल्हापूरच्या टॉवरशी बोलले, त्यांनी या म्हणून सांगितलं. आणि इंजिनानं खोकायला सुरुवात केली.

आधी वाटलं, भास असेल. मग सगळं विमान थडथडलं, आवाज खाली आला, परत वर चढला आणि बंद झाला. समोरचा पंखा जरा वेळ नुसता वाऱ्यानं फिरत राहिला. इंजिन बंद पडल्यावर विमान धोंड्यासारखं खाली येत नाही, तरंगत येतं. पण येतं खालीच. सरांनी शिकवलेलं सगळं मी केलं. वेग सांभाळला, पुन्हा चालू होतंय का बघितलं, नाही झालं. टॉवरला सांगितलं की इंजिन गेलंय, मी रानात उतरतेय. माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

आता जागा. समोर गव्हाचा एक सुरेख हिरवागार, सपाट तुकडा होता. पुस्तकात बघून शिकलेला माणूस तिकडंच गेला असता. पण आमच्या मामाचं रान मी लहानपणापासून तुडवलेलं, मला वरून त्या गव्हात पाण्याची चकाकी दिसली. नुकतं पाणी पाजलेल्या रानात चाक टेकलं की रुततं, आणि विमान उलटतं. त्याच्या पलीकडे तोडलेल्या उसाचं लांब रान होतं. वारा दक्षिणेकडून आणि उसाच्या सऱ्या पूर्व-पश्चिम. वाऱ्याला तोंड देऊन उतरावं असं शिकवतात. तसं केलं असतं तर प्रत्येक वरंब्यावर आपटत गेले असते. मी वारा सोडला आणि सरी धरली.

दार उघडून ठेवलं, पेट्रोलचा कॉक आणि वीज बंद केली. मग मोठ्यानं काहीतरी ओरडले. काय ते लिहिण्यासारखं नाही. मागची चाकं सरीत टेकली, विमान खडखडत पुढं गेलं, पुढचं चाक खोडक्यात अडकून मोडलं, नाक खाली गेलं आणि थांबलं. एकदम सगळं शांत. मग कुठंतरी टिटवी ओरडली.

मी बाहेर आले तेव्हा कपाळातून रक्त येत होतं आणि डावं मनगट विचित्र दिसत होतं. म्हशींसाठी उसाचं वाडं गोळा करायला आलेल्या बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढं एक धिप्पाड बाई, हातात विळा. रान त्यांचंच होतं, आणि गावच्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन होत्या, हे मला नंतर कळलं. मी त्यांना मावशी म्हणते, इथंही मावशीच लिहिते.

"अगं, पोरगी हाय ही!" त्या मागं वळून ओरडल्या. मग मला म्हणाल्या, "आणि ड्रायव्हर कुठं गेला?"

"मीच ड्रायव्हर," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "जेवलीयास का न्हाईस?"

हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी खाली बसले. त्यांनी पदरानं माझं कपाळ दाबून धरलं. रानाच्या वाटेवर संस्थेचा टेम्पो उभा होता, सकाळचं दूध पोचवून परत आलेला. मावशींनी आरोळी दिली. बायकांनी रिकामे कॅन धडाधड बांधावर उतरवले, टेम्पोत पोती अंथरली आणि मला त्यावर झोपवून कोल्हापूरच्या दवाखान्याकडं रवाना केलं. जाताना एवढंच दिसलं की शेजारच्या रानातलं पाचट पेटलेलं आहे आणि माणसं ओल्या वाड्यानं ते झोडपून विझवतायत. विमान त्याच्या अलीकडे नाक खुपसून उभं होतं.

पप्पा दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातात डबा तसाच होता. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मनगटाच्या प्लास्टरकडं बघितलं. मग हळूच म्हणाले, "टाकी फुल हुती न्हवं?"

"होती," मी म्हटलं.

"मग झालं." आणि बाहेर बसून रडणाऱ्या आईला आत आणायला ते गेले.

चौकशीचे साहेब मुंबईहून आले होते. मराठी माणूस, बोलणं मोजकं, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा. दोन दिवस रानात घालवून ते आमच्या घरी आले, आईनं दिलेला चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "टाक्या रिकाम्या आहेत. दोन्ही."

मी म्हटलं, "गळलं असेल."

"टाक्या फुटलेल्या नाहीत. झाकणं घट्ट बसलेली आहेत. गावात विचारलं, विमानाला कुणी हात लावलेला नाही म्हणतात."

"मी बघितलं होतं सर. मोजपट्टी बुडवून बघितलं होतं."

"आदल्या दिवशी पेट्रोल भरल्याची नोंद आहे," ते म्हणाले. "पण त्यानंतर दुसऱ्या एका विद्यार्थ्यानं तेच विमान उडवलं. पुन्हा भरलं का, हे निघण्यापूर्वी बघणं तुमचं काम." आवाज चढलेला नव्हता. ते उठले, चहा चांगला होता म्हणाले आणि गेले.

पेट्रोल संपून विमान उतरवावं लागणं यापेक्षा लाजिरवाणी चूक शिकणाऱ्याच्या हातून होऊ शकत नाही. वारा फसवतो, ढग फसवतात, इंजिन दगा देतं, त्याला कुणी हसत नाही. टाकी न बघता निघालेल्याला मात्र सगळे हसतात, आणि बरोबरच हसतात. तसं शाबीत झालं असतं तर माझं लायसन्स राहू दे, मला परत कुणी विमानाजवळ उभं केलं नसतं. आणि टाकी रिकामी मिळाल्यावर इंजिनात काय बिघडलं होतं ते उघडून बघतो कोण? त्यांना कारण सापडलेलंच होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकला, "पेट्रोल संपल्याने विमान थेट उसात!" गल्लीतली पोरं तोंडावर काही बोलायची नाहीत, पण मी दिसले की एकमेकांना सांगायची, "अरे, निघताना शंभरचं तरी टाकून घ्यायचं." एकाला मी प्लास्टरच्या हातानंच बडवायला निघाले होते, आईनं ओढून घरात आणलं. फ्लाइंग स्कूलमधून सरांचा फोन आला. चौकशी संपेपर्यंत येऊ नकोस, म्हणाले. मग विचारलं, "तूने खुद देखा था?" मी हो म्हटलं. "ठीक है," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या ठीकमध्ये विश्वास होता की निरोप होता, यावर मी दिवसचे दिवस डोकं खाजवलं.

पण या सगळ्यांचं एक वेळ सोसलं असतं. पप्पांचं सोसवेना. एसटीतल्या माणसाला हे सांगायला नको. डिझेल संपून गाडी रस्त्यात उभी राहिली तर त्या ड्रायव्हरला डेपोत तोंड दाखवायची सोय राहत नाही. एकदा जेवताना ते म्हणाले, "हे बघ, माणूस इसरतो. माझ्या हातनंबी झालं असतं. तू मनाला लावून घिऊ नगंस."

ते ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते. समजूत घालणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी ताटावरून उठले आणि त्यानंतर त्यांच्याशी धड बोलले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला नव्हता, भीती वाटली होती. कारण तोपर्यंत माझाही माझ्यावरचा विश्वास उडायला लागला होता. स्टूल आठवत होतं, झाकण आठवत होतं, मोजपट्टी आठवत होती. ती ओली होती का, हे आठवायला गेलं की मनात नुसता गोंधळ. रोज तीच तीच उजळणी करून मूळ आठवणच झिजून गेली होती.

एका रविवारी पप्पांनी नवं लुगडं, नारळ आणि पेढे आणले. "ज्यांनी तुला उचललं त्यांच्या दारात जाऊन आलं पायजे," म्हणाले. मी साफ नकार दिला. ज्या गावात आपली फजिती झाली तिथं परत कशाला तोंड दाखवायचं? पण असल्या बाबतीत पप्पा कुणाचं ऐकत नाहीत. मोटारसायकलवर मागं बसवूनच घेऊन गेले.

मावशी दूध संस्थेत होत्या. आम्हाला बघून त्यांनी असा काही आवाज दिला की पलीकडच्या आळीतल्या बायका बाहेर आल्या. "या की पावणं! पोरीला आणलासा? आता बरी दिसतीया!" त्यांनी माझं प्लास्टर उलटसुलट करून बघितलं, लुगडं कपाळाला लावलं, आत जाऊन माझी ओटी भरायची तयारी करायला सांगितली. एका म्हाताऱ्यानं पायरीवर बसून बिडी काढली तर त्याच्यावर खेकसल्या, "हितं काडी वढायची न्हाय म्हणून किती डाव सांगितलंय!" बिचारा रस्त्यापलीकडं जाऊन बसला. चहासुद्धा संस्थेतल्या शेगडीवर न करता कुणाच्या तरी घरून आला. मला ते जरा चमत्कारिक वाटलं, पण माझं लक्ष निघायची वेळ कधी होते याकडंच होतं.

ओटी भरून झाल्यावर मावशींनी दार लोटून घेतलं. आत आम्ही दोघं, मावशी आणि गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे एक चाचा. पांढरी दाढी, हाताला कायमचं ऑइल. आम्ही आल्यापासून मावशी त्यांना नुसत्या खुणा करत होत्या.

"पोरी, एक इचारू?" मावशी म्हणाल्या. "रागाला येऊ नगंस. तुझं पेट्रोल कवा नेतीस?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "माझं पेट्रोल?"

"तुझं न्हवं तर काय माझ्या म्हशीचं? दूध घालायला कॅन कमी पडत्यात बघ आमास्नी."

आतल्या अंधाऱ्या खोलीत, ओल्या गोणपाटाखाली दुधाचे कॅन उभे होते, झाकणं दोरीनं करकचून बांधलेले. चाचांनी एकाची दोरी सोडली. आमच्या विमानाचं पेट्रोल मोटारसायकलच्या पेट्रोलसारखं नसतं, त्याला निळसर रंग असतो. कॅनमध्ये तेच होतं, निळं, काठोकाठ. वास नाकात गेला आणि मी कॅनचा काठ दोन्ही हातांनी धरला.

"पाचट पेटलंवतं की," चाचा खालच्या आवाजात सांगायला लागले. "बांधापतूर आग आलीती. तुमच्या विमानाच्या पंखाखालच्या हवेच्या नळीतनं थेंब थेंब गळत हुतं. मी म्हटलं, ह्यानं पेट घेतला तर विमान तर जाईलच, आख्खं शिवार जाईल. कॅन रिकामंच पडलंवतं. पाइप लावून वढून घेतलं सगळं. झाकणं परत गच्च बसवली. तोंड दोन दिस कडू हुतं."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?" मी जवळजवळ किंचाळले.

"कसं सांगायचं?" मावशी म्हणाल्या. "पोलीस आलं, आल्या आल्या दम दिला, हात लावील त्याच्यावर केस. हात तर आधीच लावून झालावता! आणि पेट्रोल काढलं म्हटल्यावर चोरलं म्हणायला किती वेळ लागतोय? चाचाला आत घातलं असतं. मग आमी ठरवलं, कुणी काय बोलायचं न्हाय. ज्याचं हाय ती पोरगी येईल, तिच्या हवाली करायचं. तू आलीच न्हाईस."

मी आले नव्हते, कारण मला लाज वाटत होती. आणि इथं आख्खं गाव माझ्या पेट्रोलपायी बिडीशिवाय बसलं होतं. मी हसायला लागले, ते कधी रडणं झालं मला कळलं नाही. मावशी घाबरून पाठीवरून हात फिरवायला लागल्या. पप्पा कॅनजवळ वाकले, बोट बुडवलं, नाकाशी नेलं. मग तिथंच जमिनीवर बसले.

"फुल हुती की गं," ते म्हणाले. "फुल हुती." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी मावशींना सगळं सांगितलं. टाकी रिकामी मिळाल्यामुळं माझ्यावर काय आलंय, मोबाइलवर काय चाललंय, लायसन्सचं काय होणार. सांगत गेले तसा त्यांचा चेहरा लाल होत गेला. "म्हंजे आमी गप बसलो म्हणून तुझ्यावर बालंट आलं?"

"व्हय," मी म्हटलं.

खरी गोष्ट सांगायची तर चाचांवर केस होण्याची भीती होतीच, आणि ते मला दिसत होतं. मी तोंडानं काही मागितलं नाही. मागायची माझी हिंमतही झाली नसती. चाचाच पुढं झाले. "फोन लावा साहेबाला. मी सांगतो, मी काढलं."

"तू गप," मावशी म्हणाल्या. "रान माझं, कॅन माझं, काढ म्हणून सांगणारी मी. मीच सांगतो."

"पाइप माझी हुती."

"पाइपला कोण इचारतंय?"

दोघांचं तिथंच जुंपलं. शेवटी मी साहेबांचा नंबर लावला आणि फोन मावशींच्या हातात दिला. फोनवर बोलताना पलीकडचा माणूस ज्या गावात असेल तिथवर आवाज जायला हवा, अशी त्यांची पद्धत. "हॅलो साहेब!" त्या गरजल्या. "दूध संस्थेच्या चेअरमन बोलतोय! आमी तुमाला खोटं सांगितलं!"

साहेब दुसऱ्याच दिवशी आले, बरोबर पोलीसही. संस्थेच्या अंगणात कॅन ओळीनं मांडले होते आणि भोवती सगळं गाव. साहेबांनी एक झाकण उघडलं, आत बघितलं, वास घेतला. चेहरा नेहमीसारखा कोरा. मग मावशींकडं वळले. "मी तुम्हाला विचारलं होतं, विमानाला कुणी हात लावला का. तुम्ही नाही म्हणालात."

"तुमी हात लावला का म्हणून इचारलंसा," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आग लागलीती का, हे इचारलंच न्हाय."

हवालदार जमिनीकडं बघत मिशीत हसत होता. साहेब म्हणाले, "बरं. आता विचारतो. आग कुठं होती?"

मग सगळी वरात रानात गेली. शेजारचं रान अगदी बांधापर्यंत काळं ठिक्कर पडलं होतं. बांधावरून विमान उभं होतं ती जागा सहज धोंडा टाकावा इतकी जवळ होती. साहेब तिथं बराच वेळ उभे राहिले. मग मला जवळ बोलावून माझ्या चाकांच्या खुणा दाखवल्या, त्या सरीत अजून तशाच होत्या. "वाऱ्याला तोंड देऊन का नाही उतरलात?"

"सऱ्या आडव्या गेल्या असत्या, सर. उलटले असते."

त्यांनी मान हलवली. केसचं नाव कुणी काढलं नाही. कॅनना सील लावून ते गाडीत चढवत होते तेव्हा मावशी पुन्हा पुढं झाल्या. "साहेब, कॅन परत पायजेत. संस्थेचं हायत." त्या दिवशी पहिल्यांदा साहेब हसले.

कॅनमधलं पेट्रोल तपासलं गेलं. ते माझ्याच विमानाचं होतं आणि जितकं उरायला हवं तितकंच होतं; त्या दुसऱ्या विद्यार्थ्यानंतर टाक्या पुन्हा भरल्या होत्या, नोंद तेवढी राहून गेली होती. म्हणजे टाकीत पेट्रोल होतं आणि तरी ते इंजिनापर्यंत पोचलं नव्हतं. आता मात्र उघडून बघणं भाग होतं. कार्बोरेटरच्या आतला एक बारीकसा भाग तुटून अडकला होता, आणि तो बाहेरून कुणालाही दिसला नसता. आग विमानापर्यंत आली असती तर तोही गेला असता.

हे मला सरांनी फोनवर सांगितलं. त्यांना मराठी येत नाही आणि कौतुक तर कुठल्याच भाषेत येत नाही. चौकशीत तुझी काही चूक निघाली नाही, म्हणाले. मग घसा खाकरला. सरीच्या दिशेनं उतरवण्याचा निर्णय बरोबर होता असं साहेबांनी म्हटलंय आणि आपण ते आता बाकीच्या मुलांना शिकवणार आहोत, असंही म्हणाले. "अब वापस आ जा." मी फोन ठेवला, गच्चीवर गेले आणि गल्लीतल्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात बोंबलले. पोरांनी खालून शिट्ट्या मारल्या.

मनगट जुळल्यावर मी परत गेले. भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पहिले काही दिवस इंजिनाचा आवाज जरा बदलला तरी हात पेट्रोलच्या कॉककडं जायचा, आणि सर शेजारी बसून खिडकीबाहेर बघत राहायचे, जणू त्यांना काही दिसतच नाही. मग एका सकाळी ते विमानातून उतरले, दार लावलं आणि बोट दाखवलं. कोल्हापूर.

वारणा ओलांडली. डोंगर उजवीकडं आला. मी टॉवरशी बोलले, त्यांनी या म्हणून सांगितलं. माझे कान इंजिनाला चिकटलेले. हात ओले झाले होते, ते मी आळीपाळीनं पँटला पुसत होते. इंजिन गुरगुरत राहिलं. खाली रानं सरकत गेली, कुठलं कुठलं आहे हे बघायला मी वाकले नाही, मला समोर बघायचं होतं. पंचगंगा ओलांडली, शहर एका बाजूला राहिलं आणि माळावरची ती लांब काळी धावपट्टी नाकासमोर आली.

मी वेग कमी केला, वारा बघितला, या वेळी त्याला नीट तोंड दिलं. जमीन वर आली. चाकं टेकली, एकदा चुर्रर झालं आणि मी कोल्हापूरच्या जमिनीवर होते, माझं विमान धड, मी धड. छातीत काहीतरी असं उसळलं की मी एकटीच त्या काचेच्या डब्यात मोठमोठ्यानं हसत सुटले. मला माझा स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

टॉवरमधून आवाज आला, उतरलात का, सगळं ठीक आहे का. याचं एक ठरलेलं इंग्रजी उत्तर असतं, ते मला झोपेतसुद्धा पाठ होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, आमच्या कोल्हापुरी बोलीतलं.

"पोचलो बघा!" मी म्हटलं.

मग टॉवरवाल्यानं घसा साफ केला, रेडिओवर नियमाप्रमाणं बोलायचं असतं अशी रीतसर समज दिली आणि धावपट्टी मोकळी करायला सांगितलं. मी नियमाप्रमाणं हो म्हटलं आणि विमान डावीकडं वळवलं.